वळिवड्याच्या स्मारकात मैत्रिणींनाही जागा हवी : खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, कोल्हापूर
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, कोल्हापूर
मा. सरपंच व सदस्य, ग्रामपंचायत वळिवडे आणि ग्रामपंचायत गांधीनगर

विषय : वळिवडे येथील पोलिश छावणीच्या स्मृतिकार्यात तेथे वाढलेल्या किशोरवयीन मुलींच्या मैत्रीची नोंद घेण्याबाबत.

महोदय / महोदया,

दुसरे महायुद्ध चालू असताना, १९४३ च्या मध्यापासून १९४८ च्या प्रारंभापर्यंत, करवीर संस्थानाच्या हद्दीत वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती, ही गोष्ट आता आपल्या जिल्ह्यात बऱ्यापैकी ठाऊक झाली आहे. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात या निर्वासितांच्या कृतज्ञतेचा स्तंभ आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये छावणीत लहानाचे मोठे झालेले काही वृद्ध पोलिश सरकारच्या प्रतिनिधींबरोबर पुन्हा येथे आले, तेव्हा वळिवड्यातही स्मृतिस्तंभ उभा राहिला आणि संग्रहालयाचे सूतोवाच झाले. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधानांनी वॉर्सा येथील कोल्हापूर स्मारकाला आदरांजली वाहिली आणि वळिवड्याचे नाव पुन्हा एकदा सर्वतोमुखी झाले. या सर्वांचे एक कोल्हापूरकर म्हणून मला समाधान आहे. मात्र या प्रसंगांची भाषणे ऐकताना आणि वृत्तांत वाचताना एक गोष्ट सतत खटकत राहते. या कथेत संस्थानिक असतात, राजदूत असतात, दोन देशांचे ऋणानुबंध असतात आणि ‘निराधार महिला व बालके’ असा एक घाऊक शब्दप्रयोग असतो. त्या घाऊक शब्दांत ज्या तेरा ते अठरा वर्षांच्या मुली होत्या, त्यांनी ती वर्षे कोणाच्या आधाराने काढली, हे कोणी सांगत नाही. ते सांगण्याची सोय आपण करावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

प्रथम या मुली येथे कोणत्या वाटेने आल्या ते मांडते, कारण त्यांच्या मैत्रीचे मोल त्या वाटेवरच कळते. १ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पश्चिमेकडून पोलंडवर स्वारी केली आणि १७ सप्टेंबरला सोव्हिएत सैन्य पूर्वेकडून घुसले. ल्वुफ, विल्नो, वोलिन या भागांतील पोलिश कुटुंबे सोव्हिएत राजवटीखाली आली. १० फेब्रुवारी १९४० च्या रात्री पहिली मोठी हद्दपारी झाली. ऐन कडाक्याच्या थंडीत दारे ठोठावून शेतकरी वसाहतवाल्यांना आणि वनरक्षकांना बायकामुलांसह उठवले, हाताला लागेल ते घ्यायला लावले आणि मालगाडीच्या डब्यांत कोंबले. एप्रिलमध्ये सैन्याधिकारी, पोलीस, शिक्षक अशा अटकेत असलेल्यांच्या बायकामुलांची पाळी आली. जूनमध्ये आणखी एक लाट आली आणि पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये शेवटची. तीन लाखांहून अधिक माणसे अशी अर्खांगेल्स्कच्या जंगलांत, सायबेरियात आणि कझाकस्तानच्या गवताळ माळांवर नेऊन टाकली गेली.

मालगाडीचा तो प्रवास आठवडेच्या आठवडे चाले. डब्यात फळ्यांचे दोन मजले, मध्ये एक लहान शेगडी, आणि शौचासाठी डब्याच्या तळाला पाडलेले एक भोक. पुरुष, म्हातारे, अनोळखी शेजारी सगळे एकाच डब्यात. वयात येऊ लागलेल्या मुलीला या भोकाची किती दहशत वाटली असेल, हे समजायला इतिहासाचे शिक्षण लागत नाही. त्या भोकाभोवती कोणीतरी चादर किंवा घोंगडी धरून उभे राहावे लागे. आई आजारी असेल, कडेवर लहान भाऊ असेल, तर चादर धरायला उरते ती शेजारच्या फळीवरची आपल्याच वयाची मुलगी. युद्धातल्या मैत्रीबद्दल बोलताना आपण फार चटकन त्याग, बलिदान असे मोठे शब्द वापरतो. मला वाटते, अशा मैत्रीची सुरुवात बहुतेक वेळा चादर धरण्यासारख्या कामातूनच झाली असावी.

हद्दपारीत जो काम करील त्याला खायला, हा नियम होता. लाकूडतोड, सामुदायिक शेती, विटा पाडणे अशा कामांवर बायका आणि थोराड दिसणाऱ्या मुली जात आणि दिवसाच्या पावाच्या तुकड्यावर घर चाले. जून १९४१ मध्ये जर्मनीने सोव्हिएत रशियावर हल्ला केला, तेव्हा कालचे वैरी मित्रराष्ट्रांच्या एका बाजूला आले. ३० जुलैच्या करारानंतर पोलिश कैद्यांना मोकळे करण्यात आले आणि जनरल अँडर्स यांच्या नेतृत्वाखाली पोलिश सैन्य उभे राहू लागले. त्या सैन्याच्या मागोमाग, मिळेल त्या गाडीने आणि पायी, हजारो कुटुंबे दक्षिणेला उझबेकिस्तानाकडे निघाली. भूक आणि उवांमुळे पसरणारा टायफस यांनी या वाटेवर किती आया गेल्या, त्याचा नीट हिशेब कधीच लागणार नाही. १९४२ च्या मार्च-एप्रिलमध्ये आणि पुन्हा ऑगस्टमध्ये क्रास्नोवोद्स्क बंदरातून खच्चून भरलेली जहाजे कास्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदराला लागली. एकूण सुमारे १ लाख १५ हजार माणसे अशी बाहेर पडली आणि त्यांत हजारो मुले होती.

पहलवीच्या वाळूवर उतरल्यावर पहिले काम होते उवा आणि साथ रोखण्याचे. अंगावरचे कपडे जाळून टाकण्यात आले आणि डोकी भादरण्यात आली. साथ आटोक्यात आणायला दुसरा उपायही नव्हता. पण चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीच्या बाजूने पाहा. घर गेले, वडील सैन्यात किंवा बेपत्ता, आई कधीकधी वाटेतच पुरलेली, आणि आता केसही गेले. त्या किनाऱ्यावर डोक्याला रुमाल गुंडाळलेल्या शेकडो मुली एकमेकींकडे पाहत होत्या आणि सगळ्या सारख्याच दिसत होत्या. आपल्याकडे विधवेचे केशवपन बघितलेल्या आजीच्या पिढीला यातली नामुष्की सांगावी लागली नसती. फरक इतकाच, की येथे नामुष्की सर्वांची होती. आणि जी नामुष्की सर्वांची असते, तिच्यावर पंधरा वर्षांच्या मुली हसूही शकतात.

तेहरान, इस्फहान, मग अहवाजमार्गे जहाजाने कराची आणि तेथून रेल्वेने कोल्हापूर, असा पुढचा प्रवास झाला. अनाथ मुलांचा एक जथा त्याआधीच मालमोटारींतून मशहद, झाहेदान, क्वेट्टा अशा खुष्कीच्या मार्गाने मुंबईला वांद्र्यात येऊन पुढे जामनगरजवळच्या बालाचडीला गेला होता. ती मुले १९४६ मध्ये बालाचडीची छावणी बंद झाल्यावर वळिवड्यालाच आली. म्हणजे १९३० साली जन्मलेली मुलगी धरली, तर ती घरातून निघाली नऊ वर्षांची, वळिवड्यात पोचली तेरा वर्षांची आणि येथून गेली तेव्हा अठराला टेकलेली होती. तिची संपूर्ण किशोरावस्था आपल्या तालुक्यात गेली आहे. तिच्या आठवणीतले गाव हे वळिवडेच.

येथे एक तपशील मुद्दाम सांगते, कारण तो फलकांवर सापडत नाही. छावणीत कर्ते पुरुष थोडे होते, कारण ते अँडर्स यांच्या सैन्याबरोबर मध्यपूर्वेत आणि नंतर इटलीत लढत होते. मिसरूड फुटू लागलेले मुलगेही मध्यपूर्वेतील लष्करी छात्रशाळांकडे पाठवले जात. त्यामुळे छावणीतल्या थोराड मुलांमध्ये मुलींचेच प्राबल्य राहिले. आई भत्त्यावर घर चालवीत असे, ज्यांना आई नव्हती त्या अनाथालयात राहत, आणि दोन्हीकडच्या मुली एकाच वर्गात बसत, एकाच बालवीर-वीरबाला (स्काउट-गाइड) पथकात जात आणि पंचगंगेवर जात. छावणीत प्राथमिक शाळा होत्या, माध्यमिक शाळा होती, शिक्षिका घडवणारा वर्ग होता, चर्च होते, नाटके होत. पोलिश पाठ्यपुस्तके जेरुसलेमला छापली जात आणि तेथून अशा छावण्यांना पुरवली जात. ज्या देशाचे नाव नकाशावरून पुसण्याचा दोन सत्तांनी चंग बांधला होता, त्या देशाचा भूगोल कोल्हापूरच्या उन्हात बसून पाठ करणाऱ्या या मुली होत्या. वर्गात ज्या गावाचे नाव येई, ते एखाद्या मुलीचे गाव असे, आणि मग शेजारणीला गृहपाठापेक्षा तिच्याकडे जास्त बघावे लागत असणार.

फुप्फुसे अशक्त झालेल्या मुलींना पाचगणीच्या हवेत पाठवले जाई. म्हणजे पुन्हा ताटातूट. पोलंडमधल्या शाळकरी मुलींमध्ये आठवणींची वही ठेवण्याची जुनी रीत आहे. प्रत्येक मैत्रीण त्या वहीत एक पान घेते, चार ओळी लिहिते, फुलाचे चित्र काढते, तारीख घालते. आपल्याकडे दहावीच्या निरोप समारंभाच्या सुमारास वह्या फिरतात, तशीच ही चाल. मात्र आपल्या मुलींना मैत्रिणीचा पत्ता तरी माहीत असतो. ज्या मुलींनी चार वर्षांत चार देश बदलले, त्यांच्यासाठी असे पान हेच मैत्रिणीचे कायमचे ठिकाण असू शकते. अशा वह्या, पत्रे आणि पाठीमागे नावे लिहिलेली छायाचित्रे आज लंडन, मेलबर्न, शिकागो किंवा वॉर्सामध्ये कोणाच्या तरी नातवाच्या कपाटात पडून असण्याची शक्यता मोठी आहे, आणि नातवंडांना पोलिश वाचता येत नसेल तर ती रद्दीत जाण्याची शक्यताही तितकीच मोठी आहे.

या मैत्रीला देव्हाऱ्यात बसवावे, असे माझे म्हणणे नाही. ज्या मुलीला वडिलांचे इटलीहून पत्र येते आणि जिला कोणाचेच पत्र येत नाही, त्या दोघींत हेवा असणारच. अधिकाऱ्याची मुलगी आणि शेतकऱ्याची मुलगी हा भेद हद्दपारीने वितळवला असेल, पण संपूर्ण पुसला असेल असे मानायला जागा नाही. भांडणे, गट, अबोला, कोणी कोणाचे गुपित फोडणे हे सगळे याही वयात आणि याही छावणीत होते असे धरून चालावे. उलट मला त्यातच आशेची जागा दिसते. ज्या मुलीने उपासमारीत भावंड गमावले, ती वळिवड्यात येऊन ‘माझ्याशेजारी का बसली नाहीस’ म्हणून रुसते, तेव्हा तिचे वय तिला परत मिळालेले असते. सरकारे निवारा देतात, शिधा देतात, शाळा देतात, आणि ते दिलेच पाहिजे. परंतु हे वय मैत्रिणीच परत देऊ शकतात.

आणि तरीही मैत्रिणीला कोणत्याही यादीत स्थान नव्हते. कोणत्याही सरकारची निर्वासितांची यादी घ्या. तिच्यात नाव असते, जन्मसाल असते, आईवडील, भाऊबहीण, जवळचा नातेवाईक असतो. मैत्रिणीचा रकाना नसतो. १९४५ नंतर या गोष्टीला फार तीक्ष्ण धार आली. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा येथे तीन बड्या राष्ट्रांनी पूर्व पोलंड सोव्हिएत संघाकडे राहील असे ठरवले. मे महिन्यात युद्ध संपले, जग आनंदले, आणि वळिवड्यातल्या बहुतेक मुलींना कळले, की ज्या गावाला परत जायचे होते ते आता दुसऱ्याच देशात आहे. जुलैमध्ये ब्रिटनने लंडनमधल्या परागंदा पोलिश सरकारची मान्यता काढून वॉर्साच्या नव्या सरकारला दिली. छावणीला पोसणारे सरकारच कागदोपत्री उरले नाही, आणि पुढचा खर्च व व्यवस्था आंतरराष्ट्रीय मदत संस्थांकडे गेली.

मग पांगापांग सुरू झाली, आणि ती याद्यांच्या हिशेबाने झाली. जिचा बाप किंवा भाऊ ब्रिटिश आधिपत्याखालच्या पोलिश सैन्यात होता, तिला ब्रिटनची वाट मोकळी झाली. काही जणी पोलंडला गेल्या, काही ऑस्ट्रेलियाला, आणि ज्यांच्यासाठी कोठूनच बोलावणे आले नाही त्यांतल्या काहींना पूर्व आफ्रिकेतल्या दुसऱ्या छावण्यांत धाडण्यात आले. ज्या दोघी एका बाकावर चार-साडेचार वर्षे बसल्या, त्यांतली एक साउथॅम्प्टनला आणि दुसरी टांगानिकाला जाणार, हे एकीच्या वडिलांच्या गणवेशावरून ठरले. यात कोणी दुष्टावा केला असे मी म्हणत नाही. नातेसंबंध एकत्र ठेवणे हे योग्यच धोरण होते. पण ज्या मुलींची नातीच सायबेरियात संपली होती, त्यांचे उरलेले एकमेव नाते या धोरणाच्या नजरेत नाते ठरले नाही, ही गोष्ट आपल्या संग्रहालयात कोठेतरी लिहिलेली असली पाहिजे.

आता असे पाहा, की वळिवड्याची आठवण आज जी काही शिल्लक आहे, ती कोणामुळे आहे? संस्थानच्या दप्तरामुळे थोडी, लष्करी कागदपत्रांमुळे थोडी. मुख्यतः ती आहे त्या पांगलेल्या मुलामुलींमुळे. त्यांनी लंडनमध्ये भारतातील पोलिश निर्वासितांची संघटना स्थापन केली, वर्षानुवर्षे मेळावे भरवले, आपापल्या आठवणी गोळा करून त्यांचा जाडजूड ग्रंथ आधी पोलिशमध्ये आणि मग इंग्रजीत काढला, कोल्हापुरात स्तंभ उभारला, येथील थडग्यांची काळजी घेतली. यामागे कोणाचा आदेश नव्हता. बालपणीच्या सोबत्यांना एकमेकांना शोधावेसे वाटले, म्हणून हे झाले. ज्या नात्याला १९४७ च्या यादीत रकाना नव्हता, त्याच नात्याने आपल्या जिल्ह्याचा हा इतिहास वाचवला आहे, आणि आपण मात्र त्याच्या स्मारकातून नेमके तेच नाते वगळतो.

ओघात एक दुरुस्ती सुचवते. कोल्हापूरने पाच हजार पोलिशांना ‘पोसले’ असे सर्रास लिहिले आणि बोलले जाते. संस्थानाने जागा दिली, भोवतालच्या गावांनी सौजन्य दाखवले, हे खरे आणि अभिमानाचेच आहे. मात्र छावणीचा खर्च प्रामुख्याने लंडनमधले परागंदा पोलिश सरकार करत होते. फलकावर हे स्पष्ट लिहिल्याने आपला मोठेपणा कमी होणार नाही. तसेच पोलिश मुली आणि येथील मराठी मुली यांच्या गळामिठीच्या गोड कथाही पुराव्यावाचून रचू नयेत. छावणीचे जग बरेचसे स्वतंत्र होते, शिक्षण पोलिशमधून होते, आणि आपल्या खेड्यांतल्या त्याच वयाच्या बहुसंख्य मुली तेव्हा शाळेत नव्हे, शेतावर किंवा सासरी होत्या. राजर्षी शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करून पाव शतक उलटले होते, तरी चौथीच्या पुढे मुलगी जाणे दुर्मीळ होते. डोक्यावर दुधाची किंवा भाजीची पाटी घेऊन छावणीत गेलेल्या मुलीला, दप्तर घेऊन हसत निघालेल्या आपल्याच वयाच्या परदेशी मुली पाहून काय वाटले असेल? हा प्रश्न विचारण्यासारखा आहे, आणि तो विचारता येईल अशी माणसे अजून हयात असू शकतात. वळिवडे, चिंचवाड, उचगाव, गडमुडशिंगी या गावांत नव्वदीच्या घरातल्या आजीबाई शोधल्यास सापडतील. त्यांचे उत्तर हेव्याचे असले तरी चालेल. ते खरे असेल.

याच जागेचा दुसरा अध्यायही आपण फार थोडक्यात उरकतो. पोलिश गेले आणि त्याच बराकींत फाळणीने सिंधमधून उखडलेली कुटुंबे आली. आजचे गांधीनगर त्यांतून उभे राहिले. गांधीनगरचा घाऊक कापडबाजार सर्वांना माहीत आहे, पण या बाजाराच्या खाली बराकी होत्या आणि त्या बराकींत एकापाठोपाठ दोन वेगळ्या देशांच्या, दोन वेगळ्या सरहद्दींनी बेघर केलेल्या मुली राहिल्या, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. सिंधी कुटुंबांचीही वाटणी झालीच. कोणी कल्याणच्या छावणीत, जेथे पुढे उल्हासनगर झाले, कोणी पिंपरीत, कोणी येथे. कराची किंवा हैदराबादच्या गल्लीतली मैत्रीण कोणत्या छावणीत गेली, हे त्या मुलींनाही कोणी कळवले नसणार. पोलिश मुली कराचीच्या बंदरावर उतरून येथे आल्या आणि सिंधी मुली कराची सोडून येथे आल्या, यात मी कोणताही दैवी संकेत शोधत नाही. साम्राज्ये आणि सीमा आखणारी माणसे थोडी असतात आणि रेल्वेमार्ग ठरलेले असतात, म्हणून असे होते. मात्र एकाच संग्रहालयात या दोन्ही पिढ्यांच्या मुली शेजारी शेजारी दिसल्या, तर आपल्या आजच्या मुलींना युद्ध म्हणजे काय ते सनावळीपेक्षा बरे कळेल.

या पार्श्वभूमीवर माझ्या आपल्याकडे काही विनंत्या आहेत. सर्वांत निकडीची विनंती मुलाखतींची आहे, कारण वळिवड्यात किशोरवयात राहिलेली पोलिश स्त्री आज नव्वदीच्या पुढे, कदाचित पंचाण्णवच्याही पुढे आहे. जिल्हा प्रशासनाने लंडनमधील संघटनेशी आणि पोलिश दूतावासाशी पत्रव्यवहार करून, हयात असलेल्यांशी दृक्‌श्राव्य मुलाखती करण्याची परवानगी मागावी, आणि त्या मुलाखतींत हद्दपारी व राजाश्रय यांबरोबरच ‘तुमची मैत्रीण कोण होती, ती पुढे कोठे गेली, पुन्हा भेटलात का’ हे प्रश्न आवर्जून विचारावेत. ज्या गेल्या, त्यांच्या कुटुंबीयांकडे आठवणींच्या वह्या आणि छायाचित्रे असल्यास त्यांच्या प्रती मागवाव्यात. मूळ वस्तू मागू नयेत, त्या त्यांच्या घरात राहणेच बरे. पोलिशमधून मराठीत भाषांतर करणारी माणसे मिळणे अवघड आहे, तेव्हा पुण्या-मुंबईतल्या विद्यापीठांच्या परकीय भाषा विभागांची मदत घ्यावी आणि इंग्रजीवरून तिसऱ्या हाताने केलेल्या भाषांतरावर भागवू नये.

दुसरी गोष्ट मांडणीची. छायाचित्रांखाली ‘छावणीतील पोलिश मुली’ एवढेच लिहिण्याची पद्धत बंद करावी. नावे मिळतील तेथे, आणि कुटुंबीयांची संमती असेल तेथे, प्रत्येकीचे नाव, ती कोठून आली आणि कोठे गेली हे लिहावे. दालनाची रचना केवळ महनीय व्यक्तींच्या क्रमाने न करता एक तरी भिंत वर्गाच्या किंवा वीरबाला पथकाच्या हिशेबाने लावावी, म्हणजे एका बाकावरच्या मुली जगाच्या नकाशावर कशा पांगल्या, ते पाहणाऱ्याला एका दृष्टिक्षेपात दिसेल. बराकीतल्या एका खोलीची प्रतिकृती करायची झाल्यास तिच्यात राजघराण्याची तसबीर लावण्याआधी एक शाळकरी मेज आणि दोन खुर्च्या मांडाव्यात.

तिसरी विनंती शाळांची. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधानांनी बालाचडीच्या मुलांना आश्रय देणारे नवानगरचे महाराज जामसाहेब यांच्या नावाने युवा विनिमय कार्यक्रम जाहीर केला. दरवर्षी वीस पोलिश तरुण-तरुणींना भारतात बोलावण्याची ती योजना आहे. या पाहुण्यांना राजवाडा, अंबाबाईचे देऊळ आणि पन्हाळा दाखवून परत पाठवण्याऐवजी त्यांचे किमान दोन दिवस वळिवडे-गांधीनगरसाठी राखून ठेवावेत, असा प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांनी केंद्राकडे पाठवावा. त्या दोन दिवसांत करवीर तालुक्यातील नववी ते अकरावीच्या मुलींनी आणि त्या पाहुण्यांनी जोड्या करून गावातल्या व गांधीनगरातल्या वृद्ध स्त्रियांच्या मुलाखती घ्याव्यात. प्रश्नावली शिक्षिकांनी तयार करावी, पण मुलाखत मुलींनीच घ्यावी. माझ्या नोकरीच्या काळातला अनुभव असा, की आजी नातीच्या वयाच्या मुलीपाशी जे सांगते, ते आमच्यासारख्या चष्मेवालीपाशी सांगत नाही.

खर्चाचा प्रश्न येईल, याची मला कल्पना आहे. मुलाखतींना मोठा निधी लागत नाही. दोन चांगले ध्वनिमुद्रक, प्रवासखर्च, एका अभिलेखपालाचे मानधन आणि साठवणीची व्यवस्था एवढ्याने सुरुवात होते. स्मारकाच्या फरशा आणि दिवे एका वर्षाने बसवले तरी बिघडणार नाही. मुलाखती मात्र एका वर्षाने घ्यायच्या म्हटल्यास घ्यायला माणूस उरेलच असे नाही. म्हणून जिल्हा नियोजनाच्या पुढील बैठकीत इतर कामांच्या आधी हा विषय घ्यावा आणि दोन्ही ग्रामपंचायतींनी तोवर आपापल्या गावातील पंच्याऐंशी वर्षांवरील स्त्रियांची यादी करून ठेवावी. या यादीत प्रत्येक नावापुढे एक रकाना लहानपणच्या मैत्रिणीच्या नावासाठी ठेवावा. मुलाखत घेणाऱ्या मुलींना पहिला प्रश्न त्यातूनच मिळेल.

या कामात प्रश्नावली तयार करणे, मुलींना मुलाखतीचे प्रशिक्षण देणे किंवा मराठी लेखन तपासणे, यांपैकी जे सांगाल ते विनामोबदला करण्यास मी तयार आहे, आणि माझ्यासारख्या आणखी काही निवृत्त शिक्षिका तालुक्यात निश्चित मिळतील.

कळावे.

आपली नम्र,
करवीर तालुक्यातील एक निवृत्त इतिहास-शिक्षिका